पावसाळ्याअखेर आक्षीच्या किनाऱ्यावर पक्षी बघताय? या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की अलिबागच्या आसपास गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसं दिसायला लागतात आणि त्यांच्याबरोबर तोच जुना प्रश्न येतो. "दादा, पहाटे सहालाच आलो होतो. एक पक्षी नाही! सीझन सुरू व्हायचाय वाटतं?"

सीझन कधीच सुरू झालेला असतो. जुलै संपता संपता सँड प्लव्हर या छोट्या किनारपक्ष्यांचे पहिले थवे लडाख-तिबेटकडून किनाऱ्यावर उतरतात. भोरड्याही ऑगस्टात येऊन दाखल होतात. "थंडी पडली की पक्षी येतात" हे ऐकून डिसेंबरात येणाऱ्यांना काय चुकलं ते कळतही नाही. पण ऑगस्टात येऊनही रिकाम्या हाती परतणारे जास्त, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं.

भरती-ओहोटी न बघता येणं

कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर हीच मंडळी आदल्या रात्रीपासून ओहोटीची वेळ विचारत फिरतात. पक्ष्यांसाठी मात्र डोळे मिटून पहाटेचा गजर. पहाटेचा नियम जंगलातला आहे. किनाऱ्यावरचे चिखलपक्षी सूर्याच्या घड्याळावर चालत नाहीत. ओहोटीला जमीन उघडी पडली की खायचं, भरतीला उरलेल्या वाळूवर दाटीवाटीनं उभं राहून झोपायचं. ओहोटी रात्री असेल तर ते रात्रीही चरतात.

वेळ काढायला आपल्याकडे कोळ्यांचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरती साधारण तितक्या वाजता. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. पक्ष कुठलाही असो, दिवसाची असो की रात्रीची. तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून भरतीचं छापील कोष्टक किंवा फोनवरचं एखादं कोष्टक पडताळून घ्या.

आता पौर्णिमेला सकाळी सहाला आलेल्या माणसाचं बघा. त्या वेळी पूर्ण ओहोटी, त्यात उधाणाचे दिवस. आक्षीला पाणी इतकं आत गेलेलं असतं की पक्षी म्हणजे पाण्याच्या रेघेवरचे ठिपके. मग हे चिखल तुडवत ठिपक्यांमागे जाणार, आठ वाजता वैतागून मिसळ खायला निघणार, आणि नऊ-साडेनऊला पाणी पक्ष्यांना ढकलत किनाऱ्याशी आणतं तेव्हा यांची गाडी परतीच्या वाटेवर पोयनाडला पोचलेली असणार.

मी एकादशी ते चतुर्दशी धरून बसतो. उजाडतं तेव्हा पाणी चढत असतं, पक्षी आपणहून जवळ येतात, आणि आपला किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सकाळचं ऊन पाठीवर येतं. संध्याकाळी सगळं उलटं: समोर सूर्य, सगळे पक्षी काळे. संध्याकाळी भजी खा, पक्षी ओळखायला जाऊ नका. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते. पाणी फार चढत नाही आणि पक्षी पांगलेले राहतात. त्या दिवशी मी खाडीच्या बाजूला जातो.

थव्याच्या दिशेनं चालत जाणं

एका सप्टेंबरात भरती जवळजवळ पूर्ण झाली होती. वाळूचा पट्टा उरलेला एवढासा, त्यावर दोन-तीनशे सँड प्लव्हर आणि त्यांच्यामागे सुरयांची (टर्न) रांग. मी सुरूच्या सावलीत बसलो होतो. एक गृहस्थ आले. लेन्स अशी की ती सांभाळायला दुसरा माणूस हवा. सरळ थव्याकडे निघाले. मी हाताने खाली बसायची खूण केली, त्यांनी हसून हात हलवला. थवा उठला, फिरून पुन्हा बसला. हे पुन्हा निघाले. तिसऱ्या वेळी गावातली दोन कुत्रीही उत्साहानं सामील झाली आणि सगळे पक्षी खाडी ओलांडून दिसेनासे झाले. गृहस्थ माझ्याकडे येऊन म्हणाले, "फार लाजरे आहेत हो इथले."

लाजरे कसले! हिमालय ओलांडून आलेला पक्षी असतो तो. वाटेत अंगावरची चरबी जाळलेली असते आणि भरतीचे ते दोन-तीन तास त्याच्या विश्रांतीचे. प्रत्येक उठवणीला जी ताकद जाते ती त्याला पुढच्या ओहोटीत खाऊन भरून काढावी लागते. त्यातले काही इथे थांबणारही नसतात, आणखी दक्षिणेला जायचे असतात.

माझी पद्धत साधी. पाणी चढायच्या आधी जाऊन भरतीच्या रेषेजवळ ओल्या वाळूत बसायचं. प्लास्टिकचं पोतं खाली घ्यायचं, उठायचं नाही. दीड तास कंबर धरते, पण पक्षी पंधरा पावलांवर येतात. ज्यांना दीड तास बसणं जमत नाही त्यांनी फुलपाखरं बघावीत. तीही बसू देत नाहीत म्हणा.

पुस्तकातल्या चित्राशी रंग जुळवत बसणं

ऑगस्ट-सप्टेंबरातले चिखलपक्षी कुठल्याच चित्रासारखे नसतात. पुस्तकात एक विणीचा पिसारा, एक हिवाळी पिसारा. इथे उतरणारे प्रौढ पक्षी या दोन्हींच्या अधेमधे, दिवाळीआधी रंगकाम अर्धवट राहिलेल्या घरासारखे. छातीवर तांबडे ठिगळ, पाठीवर झिजून विटलेली पिसं, मधूनच नवी करडी. मागून या वर्षीची पिल्लं येतात, बहुतेक जातींत आईबापांशिवाय. ती नीटस असतात, प्रत्येक पिसाला फिकट कडा, पाठ खवल्यांसारखी दिसते.

हे माहीत नसलं की काय होतं ते ऐका. ऑगस्टच्या अखेरीस एका उत्साही तरुणानं पक्षीमित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला: "रेड नॉट!!! आक्षी!!!" रेड नॉट म्हणजे आपल्याकडे क्वचितच दिसणारा पक्षी. खाली लाल छातीचा पक्षी, जरासा धूसर. फोनमधल्या अॅपनंही म्हणे तेच नाव सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मुंबईहून भाऊच्या धक्क्याची पहिली रो-रो बोट पकडून पाच-सहा जण हजर. पावसाची सर, मांडव्याहून इथवर रिक्षाचं भाडं, सगळं सोसून. पक्षी तिथेच होता, निवांत चरत. मी कोणाला काही बोललो नाही. फक्त म्हटलं, चोचीकडे बघा.

चोच लांब आणि टोकाकडे खाली वळलेली. रेड नॉटची आखूड आणि सरळ, अंगही जाड. तेवढ्यात तो उडाला आणि शेपटीच्या वर पांढरा पट्टा चमकला. कर्ल्यू सँडपायपर, सायबेरियातून आलेला, लाल पिसारा अजून पुरता न गळलेला. पाहुण्यांपैकी एक बाई मनापासून खूश झाल्या, कारण त्यांनी तो लाल रंगात पहिल्यांदा बघितला होता. बाकीचे साडेअकराच्या बोटीनं गेले. तरुण त्या दिवशी आलाच नाही.

रंग शेवटी बघा. आधी चाल: प्लव्हर धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. सँडपायपर मान खाली घालून एकसारखा टोचत राहतो. मग चोच, मग पाय, मग उडताना पंखावर आणि शेपटीच्या वर पांढरं कुठे दिसतं ते. ग्रेटर आणि लेसर सँड प्लव्हरचा घोळही चोचीवरच सुटतो. ग्रेटरची चोच दणकट, आणि चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा लांब. लेसरची आता दोन जातींत विभागणी झाली आहे, आपल्याकडे बहुतेक तिबेटी. हे सगळं मी आधी वहीत लिहितो, चित्र मागाहून उघडतो. चित्र आधी बघितलं की डोळ्याला तेच दिसायला लागतं. अॅप सगळ्यात शेवटी, आणि तेही धूसर फोटो देऊन नाही.

बाकीच्या, थोडक्यात

दुर्बिणीच्या काचेवर वाळू-खार बसली की शर्टाच्या टोकानं पुसू नका. आधी फुंकणीनं उडवा, मग ओल्या मऊ फडक्यानं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात तारेवर नीलपंख दिसला तर छाती बघा. तांबूस आणि रेघोट्यांची नसून सरसकट निळी असेल तर तो युरोपियन रोलर, आफ्रिकेच्या वाटेवरचा. दोनचार दिवसांत गेलेला असतो.

सुरूच्या बनाकडे पाठ करून बसू नका. हळद्या आणि स्वर्गीय नर्तक तिथेच दिसतात.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर येऊन "पक्षी कुठे गेले" विचारू नका.

कुरव (सीगल) ऑगस्टात शोधू नका. मोठे थवे ऑक्टोबरनंतर.

पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी लावलेली रंगीत पट्टी दिसली तर रंग, कुठला पाय, गुडघ्याच्या वर की खाली आणि अक्षरं लिहून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. "पट्टी होती काहीतरी" याचा काही उपयोग नाही.

एकदाच येऊन यादी भरून दुसरीकडे पळू नका. सलीम अलींनी १९३० च्या सुमारास इथूनच जवळ, किहीमला, घराशेजारच्या सुगरणींवर महिनोन् महिने नजर ठेवली, तेव्हा नर एकामागून एक घरटी बांधून वेगवेगळ्या माद्यांना देतो हे कळलं.

आणि शेवटची, दर पावसाळ्यात होणारी. वादळानं थकून किनाऱ्यावर आलेला समुद्रपक्षी, ब्रायडल्ड टर्न किंवा एखादा बूबी, लोक "त्याच्या घरी" म्हणून परत लाटेत फेकतात. तो बुडतो. तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नका, सेल्फी काढू नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, सावलीत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. बूबी उचलताना आधी डोक्यावर टॉवेल टाका, चोच डोळ्यावर येते.