बूच खंय गो?

शिडाची बोट शिकायला गोव्यात येणारी मुलं पहिल्याच दिवशी नौदलाच्या 'तारिणी' या शिडाच्या बोटीबद्दल विचारतात. तिच्यातून नौदलाच्या सहा जणी १० सप्टेंबर २०१७ला इथून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ला इथेच परतल्या. बोटही इथलीच, दिवाडी बेटावर बांधलेली. मुलांच्या डोळ्यांत ते सगळं असतं, आणि मी त्यांच्या हातात प्लास्टिकचं एक बूच ठेवते. अंगठ्याएवढं.

मी कुडाळची. बीकॉमनंतर बँकेच्या परीक्षा देत होते, त्या सोडून पणजीजवळच्या करंजाळेच्या किनाऱ्यावर मदतनीस प्रशिक्षक म्हणून लागले. 'प्रशिक्षक' हा शब्द घरी सांगण्यापुरता होता. पहिली दोन वर्षं काम म्हणजे बोटी ढकलणं, गोड्या पाण्याने धुणं, शिडं वाळवणं. कुणी या धंद्यात येणार असाल तर हे आधीच सांगून ठेवते. त्यात कमीपणा काही नाही, पण आईला फोटो पाठवताना शीड वर असलेलाच पाठवावा.

आता बुचाचं. मोठ्यांना शिकवायला आम्ही लेझर वापरतो. एका माणसाची बोट, लांबी ४.२३ मीटर, नुसतं धूड साधारण ५९ किलो. ते आतून पोकळ असतं. आत झिरपलेलं पाणी किनाऱ्यावर काढता यावं म्हणून मागच्या बाजूला भोक ठेवलेलं असतं आणि निघण्यापूर्वी त्याला बूच लावायचं असतं. बस, एवढंच.

त्या सकाळी मी एकटीच लेझर घेऊन बोया, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणा, टाकायला निघाले होते. डोलकाठी उभी केली, सुकाणू बसवलं आणि बुचासाठी हात पिशवीत घालणार, तोच कुणीतरी हाक मारली: दोन मुलांना मापाची लाइफ जॅकेट मिळत नव्हती. शेडमध्ये गेले, जॅकेटं काढून दिली, परत आले आणि सरळ बोट पाण्यात ढकलली. बूच लावल्याचं मला चक्क आठवत होतं! शपथेवर सांगितलं असतं.

पहिली वीस मिनिटं सुखाची गेली. मग बोट जड वाटू लागली. मला वाटलं, वारा पडला. पण झुळूक आली की ती एका अंगावर कलायची आणि तशीच राहायची, आणि वळवायला गेलं की पोटातून डुबुक आवाज यायचा. पोकळीतलं पाणी वरून दिसत नाही, हेच त्यातलं वाईट. आत फोम असल्यामुळे लेझर चटकन बुडत नाही, पण पन्नास लिटर पाणी शिरलं म्हणजे बोटीचं वजन जवळपास दुप्पट. अशी बोट वाऱ्याच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या दिशेला, चढत नाही. आणि सकाळचा वारा जमिनीकडून येतो, शिवाय मांडवीला ओहोटी. दोघं मिळून मला आग्वाद किल्ल्याच्याही पलीकडे समुद्रात न्यायला निघाले होते. दुपारी वायव्येचा खारा वारा असतो, तो बिघडलेली बोटसुद्धा बहुधा किनाऱ्याकडे ढकलतो. म्हणून नवख्यांना सांगते, सकाळी दुप्पट तपासा.

शिट्टी? पिशवीत. पिशवी शेडमध्ये. शेवटी दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करत राहिले, ही मदतीची जगभर मान्य खूण आहे. सुरक्षाबोट यायला वेळ लागला, कारण तिची किल कॉर्ड कुणीतरी टेबलावर ठेवून आलं होतं. ती दोरी एका टोकाला इंजिनात आणि दुसऱ्या टोकाला चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवतात. माणूस पाण्यात पडला की इंजिन बंद. ती जागेवर नसेल तर इंजिन चालूच होत नाही. म्हणजे त्या दिवशी विसरभोळी मी एकटी नव्हते.

सुरक्षाबोट चालवणारे तांडेलकाका शिरोड्याचे. जवळ आले, बोटीची मागची बाजू पाहिली आणि एवढंच विचारलं, "बूच खंय गो?"

बोट वाळूवर ओढायला चौघं लागले. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उचलून धरली आणि मागच्या भोकातून पाणी वाहत राहिलं. तोवर काका चकार शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

शीड कुणी विसरत नाही. त्याच्याशिवाय निघताच येत नाही. विसरतं ते, ज्याच्याशिवाय निघता येतं. सुकाणू अडकवणारी क्लिप बसली नसेल तर बोट उलटल्यावर सुकाणू तळ गाठतं. बोटीतून खाली पाण्यात उतरणारी मधली फळी दोरीने बांधली नसेल तर बोट पूर्ण पालथी झाल्यावर ती निसटते, आणि मग बोट सुलटी करायला ज्यावर उभं राहायचं, तेच नसतं. शिडाच्या दोरीच्या टोकाला गाठ मारायची राहिली तर दोरी कप्पीतून निघून जाते. पिण्याचं पाणी तर मीही अजून विसरते.

मी मोबाईलवर यादी करून पाहिली. ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही आणि फोन तसाही शेडमध्येच ठेवावा लागतो. त्यापेक्षा एक सवय कामी आली: तयारी चालू असताना कुणी हाक मारली की परत आल्यावर पहिल्यापासून सुरू करायचं, डोलकाठीपासून. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

नोकरीसाठी म्हणाल तर पोहणं आधी पक्कं करा, मग पॉवरबोट चालवायला शिका. शीड सुंदर चालवणारे पुष्कळ येतात. सुरक्षाबोट भरवशाने हाकणारा मिळत नाही. जीवरक्षण आणि पॉवरबोटीचे अभ्यासक्रम गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत होतात. पावसाळ्यात शिकवणं बंद असतं, तेव्हा चार महिन्यांच्या खर्चाची सोय आधीच करून ठेवा. त्या महिन्यांत फायबरची डागडुजी मिळाली तर सोडू नका. बोट आतून कशी असते ते मला तिथेच कळलं.

आता आमच्याकडे प्रत्येक लेझरचं बूच लाल दोरीने सुकाणूच्या दांड्याला बांधलेलं असतं. सुकाणू बसवायला घेतलं की ते हाताला लागतंच. तरी काका रोज वाळूवरून ओरडतातच, आणि मी रोज वाकून बुचाला हाताचं बोट लावून बघते.