जुन्या गाडीचा हीटर कोमटच राहतो? या चुका टाळा

जुन्या गाडीच्या हीटरमधून कोमट हवा येऊ लागली की बहुतेक मालक तडक शेवटचे निदान करून मोकळे होतात: हीटर कोअर गेला. हा कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटर असतो. इंजिनातले गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, त्यातून फिरते आणि ब्लोअर म्हणजे आतला पंखा त्यावरून हवा ढकलतो. अनेक मॉडेलांत त्याच्यापर्यंत हात पोचायला संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि जुन्या, कडक झालेल्या प्लास्टिकच्या क्लिपा त्यात हमखास तुटतात. म्हणून हे काम सर्वांत शेवटी करायचे असते. प्रत्यक्षात लोक सुरुवातच तिथून करतात.

माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांनी असाच नवा कोअर बसवून घेतला. डॅशबोर्ड परत बसला तो खडखड वाजतच, आणि हवा पूर्वीइतकीच थंड राहिली. मी गाडी पाहिली तेव्हा मला खटकला तो तापमानाचा काटा: गर्दीत गाडी रेंगाळली की तो जेमतेम वर चढे आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच खाली येई. थर्मोस्टॅटचे, म्हणजे तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेचे, झाकण उघडले, तर आत थर्मोस्टॅटच नव्हता. आदल्या उन्हाळ्यात इंजिन तापत होते म्हणून कुणा मेकॅनिकने तो काढून टाकला होता आणि मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

‘थर्मोस्टॅट काढा, इंजिन थंड राहील’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. बहुतेक गाड्यांचा थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला उघडू लागतो आणि तोपर्यंत कूलंट मुख्य रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला किंवा उघडा अडकला, तर इंजिन तापायला उशीर लागतो, हीटरला उष्णता मिळत नाही आणि पेट्रोलही जास्त जळते. तपासणी सोपी आहे. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर (रबरी नळीवर) हात ठेवावा; तो बराच वेळ थंड राहून मग झपाट्याने गरम झाला तर थर्मोस्टॅट ठीक आहे, पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर तो बदलावा.

दुसरी चूक म्हणजे कूलंटची पातळी फक्त बाजूच्या टाकीत पाहणे. रेडिएटरच्या झाकणातली झडप खराब असेल, तर टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा असतो. रेडिएटरला स्वतंत्र झाकण असेल तर ते उघडूनच पाहावे, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. गरम असताना उघडले तर दाबाखालचे कूलंट उसळून तोंडावर येते. कूलंट ओतले की काम संपले असेही समजू नये. अनेक गाड्यांत हीटर कोअर उंचावर असतो, त्यामुळे हवा तिथेच अडकते आणि डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते. मी गाडीचे नाक उताराच्या वरच्या बाजूला ठेवतो, हीटर पूर्ण गरमवर करतो, इंजिन थंड असतानाच झाकण काढून ते सुरू करतो आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडेथोडे कूलंट घालत राहतो. याला वेळ लागतो, आणि ज्यांना तो द्यायचा नाही ते पुढच्या आठवड्यात तीच तक्रार घेऊन येतात.

इंजिन तापल्यावर, पंख्यापासून हात दूर ठेवून, हीटरकडे जाणारे दोन्ही होज चाचपून पाहावेत. दोन्ही कडक गरम असूनही आत हवा थंड येत असेल, तर दोष गरम-थंड हवा वळवणाऱ्या झडपेचा किंवा तिच्या केबलचा असतो. एक गरम आणि दुसरा बराच थंड असेल, तर हीटरकडे कूलंट सोडणारा व्हॉल्व्ह बंद आहे किंवा कोअर तुंबला आहे. तुंबलेला कोअर पाण्याच्या हलक्या धारेने उलट्या दिशेने धुवावा. कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत मारणाऱ्यांना कोअर लवकर मोकळा होतो याचा आनंद होतो, पण जुने सांधे त्याच झोताने फुटतात आणि पायाखालचा गालिचा भिजतो.

गळती बुजवण्याची पावडर रेडिएटरमध्ये टाकू नये. हीटर कोअरच्या बारीक नळ्या त्यानेही तुंबतात. नुसते नळाचे पाणी भरू नये. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नयेत. हवेचा जोरच कमी असेल, तर तो ब्लोअरचा किंवा कचऱ्याने भरलेल्या केबिन फिल्टरचा प्रश्न आहे, कूलंटचा नव्हे.

कूलंट भरूनही पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल, बाहेर थेंब दिसत नसेल आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर इंजिन तापल्यानंतरही येत असेल, तर हीटर बाजूला ठेवून आधी हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधले सील) तपासून घ्यावे आणि तोवर गाडी चालवू नये.