क्रॉप टूल वापरताना या चुका टाळा (पहिली तर जवळपास सगळेच करतात)

क्रॉपमध्ये काय शिकायचंय, कडा ओढायच्या, एंटर मारायचं, झालं... असं म्हणणाऱ्यांचे फोटो निस्तरून निस्तरून वैताग आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. बोलतोय मुख्यतः फोटोशॉपबद्दल.

सगळ्यात मोठा घोळ असतो वरच्या पट्टीतल्या आकड्यांचा. तिथे 'रेशो' (रुंदी-उंचीचं प्रमाण) वेगळा आणि 'विड्थ, हाइट, रेझोल्यूशन' (रुंदी, उंची, इंचाला किती पिक्सेल) वेगळं. रेशोमध्ये फोटो फक्त कापला जातो, उरलेल्या पिक्सेलना हात लागत नाही. दुसऱ्यात मात्र कापून झाल्यावर उरलेला भाग त्या मापात कोंबला किंवा ताणला जातो, म्हणजे पिक्सेल फेकले तरी जातात नाहीतर नसलेले बनवले तरी जातात. आणि ते आकडे तिथेच ठाण मांडून बसतात, काल भरलेले आज पण.

माझ्या ओळखीतल्या एकाने आदल्या दिवशी वेबसाइटसाठी ८०० बाय ६०० पिक्सेलचे फोटो केले होते. दुसऱ्या दिवशी घरच्या मोठ्या कार्यक्रमाचे फोटो घेतले, कोपऱ्यातली खुर्ची काप, मागून जाणारा माणूस काप, असं भराभर करत सुटला आणि प्रत्येक फोटो मूळ जेपेगवरच सेव्ह. स्क्रीनवर छान दिसत होतं, दिसणारच, स्क्रीनला कितीसे पिक्सेल लागतात! मग कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट केलं, म्हणजे मूळ फोटो तिथूनही गेले. नंतर ग्रुप फोटो १६ बाय १२ इंचात फ्रेम करायचा ठरलं तेव्हा फाइल माझ्याकडे आली, "जरा शार्प करून दे" म्हणे. ६००० बाय ४०००चा फोटो ८००वर आलेला, १६ इंचात पसरला की इंचाला फक्त ५० पिक्सेल. शार्प कशाला करू, चेहरेच उरले नव्हते!

माझी सवय सांगतो. 'सी' दाबून क्रॉप टूल घेतलं की आधी जुने आकडे पुसणारं 'क्लिअर' बटण, मग रेशो, मग बाकी सगळं. क्रॉप झाल्यावर कंट्रोल-ऑल्ट-आय दाबून (इमेज साइझची खिडकी उघडते) किती पिक्सेल उरले ते बघायचं. दोन सेकंद लागतात, पण घाईवाल्यांना तेवढेही जड जातात. याच्या उलटे पण महाभाग आहेत, ६०० पिक्सेलचा चेहरा कापायचा, ८ बाय १० इंच आणि रेझोल्यूशन ३०० टाकायचं आणि "बघ, ३०० आलं" म्हणून खूश व्हायचं. अरे ते २४०० बाय ३००० सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलंय. गिंपमध्ये (फोटोशॉपसारखंच, पण फुकट मिळणारं सॉफ्टवेअर) हा ताप नाही, तिथलं क्रॉप टूल नुसतं कापतं.

वरच्या पट्टीतल्या 'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स'ची टिक काढून ठेवा आणि फाइल पीएसडी (फोटोशॉपचा स्वतःचा फॉरमॅट) म्हणून सेव्ह करा, कापलेला भाग नंतर इमेज मेन्यूतल्या 'रिव्हील ऑल'ने परत मिळतो. जेपेगमध्ये सेव्ह केलंत तर तो भाग गेलाच, मग टिक असो वा नसो. मूळ फाइलवर सेव्ह करणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

दुसरा माझा आवडता राग म्हणजे तिरका फोटो सरळ करणं. लोक कोपरा धरून अंदाजाने फिरवतात, एंटर मारतात, अजून तिरकं वाटतं म्हणून परत फिरवतात, परत एंटर. दर वेळी पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि फोटो थोडा थोडा मऊ होत जातो, वर कडा कापल्या जातात त्या वेगळ्याच. क्रॉपच्याच पट्टीतलं 'स्ट्रेटन' घ्या, जी रेघ खरंच आडवी किंवा उभी असायला हवी तिच्यावर ओढा, एकदाच. पण रेघ नीट निवडा हो! समुद्राचं क्षितिज चालेल, तिरका लांब जाणारा किनारा नाही चालणार. इमारत असेल तर फ्रेमच्या मध्याजवळची उभी कड घ्या, बाजूच्या भिंती कॅमेरा वर केल्यामुळेच आत झुकलेल्या असतात, त्यांच्या नादी लागलात तर सगळा फोटो कलंडतो.

प्रिंटचा रेशो आधी ठरवा. उभा ४००० बाय ६०००चा फोटो ४ बाय ६ इंचाला आहे तसा बसतो, ८ बाय १०ला मात्र उंचीतले १००० पिक्सेल जाणारच, तेव्हा डोक्यावरची जागा आधीच खाऊन ठेवू नका.

मनगट, गुडघा, घोटा, बरोबर सांध्यावर कापू नका, माणूस तुटलेला दिसतो.

स्कॅन केलेल्या फोटोच्या कडेला पांढरी रेघ राहते कारण तुम्ही पूर्ण फोटो स्क्रीनवर मावेल एवढ्या झूमवर कापता. २०० टक्के झूम करून चारही कडा बघा.

चौकट कडेजवळ गेली की चिकटते आणि लोक माउसशी मारामारी करत बसतात. ते स्नॅपिंग आहे, ओढता ओढता कंट्रोल दाबून धरा, सुटतं. आडव्याची उभी चौकट हवी असेल तर 'एक्स' दाबा. नेमके पिक्सेल हवे असतील तर मी क्रॉप टूल घेतच नाही, मार्की टूलला (चौकोनी भाग निवडायचं टूल) 'फिक्स्ड साइझ' देतो, चौकट हवी तिथे सरकवतो आणि इमेज मेन्यूमधून क्रॉप करतो.