सर्टिफिकेट आहे, पण कोड लिहिता येत नाही? ऑनलाइन कोडिंग कोर्स करताना या चुका टाळा

मी पुण्यात फ्रेशर मुलामुलींचे इंटरव्ह्यू घेतो. मागच्या वर्षी एक मुलगा आला होता. रिझ्युमेवर अकरा सर्टिफिकेटं: पायथन, जावास्क्रिप्ट, रिअ‍ॅक्ट, मशीन लर्निंग, बरंच काही. मी त्याला एवढंच सांगितलं की एक वाक्य घे आणि त्यात कोणता शब्द किती वेळा आलाय ते मोजणारा प्रोग्राम लिही. रिकामी फाइल उघडली आणि त्याचा हात थांबला. मुलगा आळशी नव्हता. आठ महिने रोज रात्री बसून त्याने ते कोर्स केले होते, घरच्यांनी पैसे भरले होते. त्याला वेळेवर कोणी काही सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून हे लिहितोय.

सगळी सर्टिफिकेटं एकाच मापाने मोजणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि आपल्याकडे ती का होते हे मला समजतं. एमएस-सीआयटी २००१ मध्ये सुरू झाली आणि गावोगावी पोचली. शासकीय भरतीत संगणक अर्हता लागते, ते सर्टिफिकेट जोडलं की अट पूर्ण होते. त्यामुळे आईवडिलांना वाटतं, कोडिंगच्या सर्टिफिकेटचंही असंच असेल. खासगी सॉफ्टवेअर कंपन्यांत असा नियम नसतो. तिथे मी कागद हातात घेतला की एकच गोष्ट बघतो: हा देण्याआधी या मुलाला कोणी तपासलं का, आणि कसं?

युडेमी या व्हिडिओ कोर्सच्या साइटवर सगळे व्हिडिओ पूर्ण झाल्याची खूण पडली की सर्टिफिकेट तयार होतं. तिथले काही शिक्षक खरोखर उत्तम आहेत, पण तो कागद व्हिडिओ संपल्याचं सांगतो, त्यापुढचं काही सांगत नाही. फ्रीकोडकॅम्प ही कोडिंग शिकवणारी साइट फुकट आहे, आणि तरी तिथे ठरलेले प्रोजेक्ट स्वतः करून चाचण्यांत पास करावे लागतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या सीएस५० या ऑनलाइन कोर्समध्ये आठवड्यागणिक प्रोग्रामिंगचे प्रश्न सोडवायचे आणि शेवटी आपला स्वतःचा प्रोजेक्ट द्यायचा. त्याचं हार्वर्डच्या साइटवरून मिळणारं सर्टिफिकेट फुकट असतं, एडएक्स या कोर्सच्या साइटवरच्या व्हेरिफाइड सर्टिफिकेटला पैसे पडतात. अनेक जण हा फरक न बघताच पैसे भरून मोकळे होतात.

एनपीटीईएलचं, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचं, वजन वेगळं आहे, कारण तिथे केंद्रावर जाऊन देखरेखीखाली परीक्षा द्यावी लागते. कोर्स फुकट, परीक्षेची फी साधारण १००० रुपये. इथे एक खड्डा आहे आणि त्यात दरवर्षी मुलं पडतात. परीक्षेला ७५ टक्के आणि असाइनमेंटला २५ टक्के वजन असतं, पण दोन्हीकडे वेगवेगळं किमान गाठावं लागतं: परीक्षेत ७५ पैकी ३० आणि असाइनमेंटमध्ये २५ पैकी १०. म्हणजे परीक्षेत ७० मिळाले आणि असाइनमेंटमध्ये ८, तरी सर्टिफिकेट नाही. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, तेव्हा एखाद-दुसरी चुकली तर घाबरू नका, पण सुरुवातीचे आठवडे वाया घालवू नका. परीक्षेची नोंदणी कोर्सच्या नोंदणीपेक्षा वेगळी असते, तिची शेवटची तारीख आधीच लिहून ठेवा. आणि पदवीत धरले जाणारे क्रेडिट हवे असतील तर कोर्स सुरू करण्यापूर्वी कॉलेजला विचारा. यूजीसीच्या नियमात स्वयमच्या (एनपीटीईएलचे कोर्स ज्यावर चालतात ते सरकारी पोर्टल) कोर्सचे क्रेडिट घेण्याची सोय आहे, पण तुमच्या विद्यापीठात कोणता कोर्स चालतो हे कॉलेजच सांगेल.

व्हिडिओ बघून टाइप केलं म्हणजे आलं, असं समजणं

त्या मुलाचं इथेच बिघडलं होतं. शिक्षक लिहितो, आपण लिहितो, प्रोग्राम चालतो, बरं वाटतं. पण पुढची ओळ कोणती हे दरवेळी दुसऱ्यानेच ठरवलेलं असतं.

तुमचंही असं झालं असेल तर नवा कोर्स घेऊ नका. झालेल्याच कोर्समधला एक प्रोजेक्ट निवडा, व्हिडिओ बंद करा आणि रिकाम्या फाइलपासून पुन्हा लिहा. अडाल. अडलात की अर्धा तास स्वतः झगडा, एरर मेसेज नीट वाचा (बहुतेक मुलं तो न वाचताच गूगल करतात) आणि मगच फक्त तेवढा भाग बघा. दुसऱ्यांदा लिहिताना विषय बदला. कोर्समध्ये टू-डू लिस्ट केली असेल तर तुम्ही गावातल्या दूध संकलन केंद्राचा हिशेब करा. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक), त्यावरून दर, दहा दिवसांचं बिल, उचल घेतली असेल तर ती वजा. एखाद्याचं फॅट नोंदवायचं राहिलं तर काय करायचं? महिन्याच्या मध्येच दुधाचा दर बदलला तर जुन्या बिलाचं काय? असे प्रश्न कोणत्याही व्हिडिओत येत नाहीत, आणि इंटरव्ह्यूमध्ये मला नेमकं हेच ऐकायचं असतं.

काम गिटहबवर (कोड ठेवायची आणि दाखवायची साइट) टाका, रोजच्या रोज. शेवटच्या दिवशी सगळं एकदम चढवलं तर ते तुम्हीच हळूहळू घडवलंय हे कळायला मार्ग राहत नाही.

‘नोकरीची हमी’ वाचून सही करणं

नोकरीची हमी देणाऱ्या कोर्समध्ये फीचे हप्ते म्हणून जे सांगितलं जातं ते पुष्कळदा कर्ज असतं, एखाद्या वित्तसंस्थेकडून तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर घेतलेलं. कोर्स आवडला नाही, सोडला, तरी हप्ते सुरूच राहतात. फी परत मिळण्याची अट लेखी मागा. फोनवर दिलेला शब्द धरू नका, आणि ‘आज रात्रीपर्यंतच ऑफर’ म्हणणाऱ्याला दोन दिवस थांबायला सांगा. घरात कोणी तरी तो करार पूर्ण वाचल्याशिवाय ओटीपी देऊ नका.

रिझ्युमे आणि कागदपत्रांतल्या चुका

रिझ्युमेवर प्रोजेक्ट आधी, सर्टिफिकेटं नंतर, तीही दोन किंवा तीन. प्रत्येकाजवळ पडताळणीची लिंक द्या, नुसता फोटो नको. नोंदणी करताना नाव दहावीच्या मार्कशीटवर आहे तसंच लिहा. टोपणनावाने खातं उघडलं की तेच कागदावर छापून येतं, आणि नंतर दुरुस्ती होईलच असं नाही. कॉलेजच्या ईमेलवरून कोर्स केला असेल तर पास आउट होण्याआधी खात्याला स्वतःचा ईमेल जोडा आणि पीडीएफ उतरवून ठेवा. तो ईमेल बंद झाला की खात्यात परत शिरणं अवघड होतं.

तो मुलगा चार महिन्यांनी परत आला. या वेळी रिझ्युमेवर एकच सर्टिफिकेट होतं, आणि मामांच्या खताच्या दुकानातल्या उधारीचा एक छोटा प्रोग्राम. त्यावर आम्ही पाऊण तास बोललो.