शिजवलेला भात आणि रस्सा सुरक्षितपणे थंड कसा करावा

शंभर पानांच्या पंगतीसाठी पहाटे चारला शिजवलेला भात दुपारी एक वाजता वाढला जातो, तेव्हा मधल्या नऊ तासांत तो कोणत्या तापमानात होता हे बहुधा कोणीच पाहिलेले नसते. तो नीट शिजला होता, झाकलेला होता, वासही चांगला येत होता, मग लोकांना उलट्या का झाल्या, असा प्रश्न नंतर पडतो. त्याचे उत्तर स्वयंपाक कसा झाला यापेक्षा स्वयंपाकानंतरच्या तासांत दडलेले असते. म्हणून पातेले चुलीवरून उतरल्यापासून ते पानात वाढेपर्यंत काय करावे, आणि ते का करावे, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन मर्यादित ठेवले आहे.

साल्मोनेला आणि ई. कोलाय हे जिवाणू अन्न आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला पोहोचले की फार काळ तग धरत नाहीत. बॅसिलस सेरियस आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या दोघांची गोष्ट वेगळी आहे. हे मातीतले जिवाणू असून तांदूळ, डाळी, मसाले आणि मांस यांच्याबरोबर ते स्वयंपाकघरात येतात. परिस्थिती प्रतिकूल झाली की ते बीजाणूचे रूप घेतात. बीजाणूच्या गाभ्यातले बरेचसे पाणी निघून गेलेले असते, त्या जागी कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल यांचे संयुग भरलेले असते, डीएनएला विशिष्ट प्रथिने घट्ट चिकटून त्याचे रक्षण करतात, आणि या सर्वांभोवती अनेक पदरी कवच असते. या अवस्थेत तो खात नाही, वाढत नाही आणि उकळत्या पाण्यातही टिकून राहू शकतो. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी बॅसिलस गटातील जिवाणूंचे असे उष्णतेला दाद न देणारे बीजाणू १८७६ मध्येच वर्णिले होते.

स्वयंपाक करणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यावे ते हे, की उकळी बीजाणूला मारत नाही, उलट जागे होण्यास मदत करते. प्रयोगशाळेत बीजाणू रुजवायचे असतील तर ते मुद्दाम ७० ते ८० अंशांवर काही मिनिटे तापवतात, आणि आपले पातेले नेमके तेच काम करते. शिवाय उकळीमुळे स्पर्धा करणारे इतर जिवाणू मरतात आणि रश्श्यात विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो, जे ऑक्सिजन न सोसणाऱ्या परफ्रिंजेन्सच्या पथ्यावर पडते. शिजताना पदार्थातून अमिनो आम्ले आणि इतर पोषकद्रव्ये मोकळी होतात. सेरियसच्या बीजाणूला ॲलनिन हे अमिनो आम्ल आणि आयनोसिन हे संयुग जवळपास असल्याचे कळले की तो कवच सोडून रुजू लागतो. परफ्रिंजेन्सला तर डझनभराहून अधिक अमिनो आम्ले स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातून आयतीच मिळावी लागतात, म्हणून मटणाचा रस्सा आणि खिमा ही त्याची आवडती ठिकाणे ठरतात.

त्याच्या वाढीचा वेग पाहिला की घाई कशासाठी करायची ते कळते. सुमारे ४३ ते ४५ अंशांवर, पोषण भरपूर असताना, परफ्रिंजेन्सची संख्या साधारण १० मिनिटांत दुप्पट होऊ शकते. या हिशेबाने एका जिवाणूचे दोन तासांत ४,०९६ आणि तीन तासांत २,६२,१४४ होतात. हाताला सुखद ऊब देणारे पातेले म्हणजे साधारण हेच तापमान, हे लक्षात ठेवले तर तापमापक नसतानाही धोका ओळखता येतो.

भाताच्या बाबतीत धडा लंडनमध्ये मिळाला. १९७१ पासून तेथील चिनी उपाहारगृहांत फ्राइड राइस खाऊन उलट्या झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. भात एकदम मोठ्या प्रमाणावर शिजवायचा, तो रात्रभर बाहेरच निथळत ठेवायचा आणि मागणी आली की थोडा थोडा परतून द्यायचा, अशी तेथील पद्धत होती. आपला सकाळचा फोडणीचा भात याहून फार वेगळा नाही. अशा भातात सेरियसचे काही प्रकार सेरुलाइड नावाचे विष तयार करतात, आणि ते १२१ अंशांवर दीड तास तापवले तरी टिकते. म्हणजे फोडणी, वाफ, कुकरच्या शिट्ट्या यांपैकी कशानेही ते जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात म्हणून टाकूनच द्यावा. अन्न टाकणे आपल्या जिवावर येते हे मी जाणतो, पण तो भात मुलांना देण्यापेक्षा टाकणे केव्हाही बरे.

आता प्रत्यक्ष कृती. भात उरणार हे दिसताच, तो ऊन असतानाच स्वच्छ परातीत किंवा मोठ्या ताटांत साधारण चार-पाच सेंटीमीटर जाडीचा थर होईल असा पसरावा. खोल पातेल्यात मधला भात तासन्तास उबदार राहतो, कारण शिते आणि त्यांच्यामधली हवा उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाहीत. परात, डाव आणि उलथने कोरडी व स्वच्छ असावीत, कारण बीजाणू स्टीललाही घट्ट चिकटतात. वाफ निघून गेली की पंख्याखाली, जाळीने झाकून, अधूनमधून हलक्या हाताने मोकळा करावा आणि तासाभरात उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावा. ब्रिटनमधील अन्न मानक संस्था भात शक्यतो तासाभरात थंड करावा आणि फ्रिजमध्ये ठेवल्यापासून २४ तासांच्या आत संपवावा असे सांगते; हाच नियम मी घरासाठी योग्य मानतो. फ्रिज ५ अंश किंवा त्याखाली असावा. ऊन डबा ठेवल्याने फ्रिज बिघडतो ही भीती लहान, उथळ डब्यांच्या बाबतीत बाळगण्याचे कारण नाही. दहा लिटरचा वाफाळता टोप मात्र तसाच आत ठेवू नये, कारण तो शेजारच्या दुधालाही गरम करतो आणि स्वतःही आतून थंड होत नाही.

रस्सा, आमटी आणि उसळ यांसाठी पसरणे शक्य नसते, म्हणून त्या लहान, रुंद भांड्यांत वाटून घ्याव्यात, ती भांडी बर्फ घातलेल्या पाण्याच्या घमेल्यात ठेवावीत आणि दर काही मिनिटांनी तळापासून ढवळावे. बाजारातल्या लादीचा बर्फ अन्नात कधीही टाकू नये, तो भांड्याबाहेरच असावा. अमेरिकेच्या फूड कोडनुसार शिजवलेले अन्न ५७ अंशांवरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तेथून ५ अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत यायला हवे. हे आकडे परदेशी असले तरी जिवाणू तेच आहेत. आपल्याकडे अडचण हवेची आहे. विदर्भात मे महिन्यातल्या लग्नघरी मांडवाखाली पारा ४२ अंशांवर असतो, तेव्हा बाहेर ठेवलेला रस्सा थंड होतच नाही, तर परफ्रिंजेन्सच्या सर्वांत आवडत्या तापमानाशी येऊन थांबतो. अशा दिवशी बर्फ आणि पाणी यांची व्यवस्था आचाऱ्याच्या यादीत तांदळाइतकीच महत्त्वाची मानावी. ती होत नसेल, तर स्वयंपाक आदल्या रात्री न करता वाढण्याच्या वेळेशी जुळवून टप्प्याटप्प्याने करावा.

थंड करायचे नसेल तर अन्न सतत ६० अंशांच्या वर ठेवावे, म्हणजे दोन्ही जिवाणूंची वाढ थांबते. त्यासाठी मंद आच आणि मधोमध खुपसून पाहायचा तापमापक लागतो. घरातल्या हॉटपॉटविषयी येथे सावध करावेसे वाटते. तो उष्णता निर्माण करत नाही, फक्त तिचे जाणे लांबवतो, त्यामुळे सकाळी भरलेला भात दुपारपर्यंत नेमक्या उबदार पट्ट्यात पडून राहू शकतो. कामावर न्यायच्या डब्यात भाताऐवजी पोळी आणि कोरडी भाजी असलेली बरी.

पूर्वी फ्रिज नसताना आमटीला सकाळ-संध्याकाळ उकळी देऊन ती टिकवत. या रीतीत तथ्य आहे. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८७७ मध्ये दाखवले, की एकाच दीर्घ उकळीने न मरणारे बीजाणू मध्ये वेळ देऊन पुन्हा पुन्हा तापवल्यास मरतात, कारण मधल्या वेळेत रुजलेला जिवाणू उष्णतेपुढे टिकत नाही. मात्र त्या मधल्या वेळेत सेरुलाइड तयार झाले असेल, तर उकळी ते काढू शकत नाही. म्हणून फ्रिज असताना या रीतीवर विसंबू नये.

पुन्हा गरम करताना रस्सा ढवळत खळखळून उकळू द्यावा. परफ्रिंजेन्सचा त्रास पोटात गेलेल्या असंख्य जिवंत जिवाणूंमुळे होतो, आणि रुजलेले जिवाणू उष्णतेने मरतात, त्यामुळे येथे उकळीचा खरा उपयोग होतो. नुसते कोमट करणे सर्वांत वाईट, कारण सौम्य उष्णतेत जिवाणू स्वतःची प्रथिने सांभाळणारी विशेष प्रथिने तयार करतात आणि पुढच्या उष्णतेला अधिक चिवट होतात. लागेल तेवढेच बाहेर काढावे, एकदाच गरम करावे, उरलेले परत ठेवू नये.

फ्रिजमधल्या डब्यावर तारीख लिहावी. लिस्टेरिया नावाचा जिवाणू ४ अंशांवरही वाढतो. मांस आणि दुधातले कार्निटीन यांसारखी द्रव्ये शोषून तो थंडी आणि मीठ दोन्ही सोसतो. गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि दीर्घ आजारी माणसे यांना शिळे अन्न थंडगार देऊ नये.

उलट्या खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत सुरू झाल्या तर भाताचा, आणि आठ ते सोळा तासांनी पोटात कळा येऊन जुलाब झाले तर रश्श्याचा संशय घ्यावा. बहुतेकांना दिवसभरात आराम पडतो, तोवर जलसंजीवनी घोट घोट द्यावी. लहान मूल सुस्त झाले, लघवी थांबली किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच रुग्णालयात न्यावे, आणि उरलेले अन्न फेकून न देता झाकून थंड जागी ठेवावे, म्हणजे ते तपासणीला देता येते.