प्रिऑनवर काम करायचंय? आधी जनावराचं पोट शिका

प्रिऑन म्हणजे घडी बिघडलेलं, मेंदूचे रोग पसरवणारं प्रथिन. त्याच्याकडे वळणारे बहुतेक विद्यार्थी थेट मेंदूपासून सुरुवात करतात. मी पशुपोषणातून इथे आलो आणि माझं ठाम मत आहे की रवंथ करणाऱ्या जनावरांच्या बाबतीत पचनसंस्था आधी शिकावी. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखला गेलेला गाईंचा बीएसई हा प्रिऑनमुळे होणारा मेंदूचा रोग पसरला तो मांस-हाडांच्या भुकटीतून, म्हणजे खाद्यातून. म्हणूनच १९८८ मध्ये तिथे रवंथी जनावरांचं प्रथिन रवंथी जनावरांना खाऊ घालायला बंदी आली.

नवख्याला पहिला प्रश्न पडतो तो असा: कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यात, प्रथिनं फोडणाऱ्या जिवाणूंची आणि आदिजीवांची एवढी दाटी, पुढे चौथ्या पोटातलं आम्ल, मग आतड्यातले पाचकरस, तरी हे प्रथिन वाचतं कसं? त्याची घडी बिघडून ते इतकं घट्ट गुंफलेलं असतं की प्रोटिनेज के हे कडक विकरही त्याचा गाभा फोडू शकत नाही. पण ते अगदी अभेद्यही नाही. गुरांच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांसोबत स्क्रेपी या मेंढ्यांच्या प्रिऑन-रोगाने बाधित मेंदूचा अर्क उबवला, तर वेस्टर्न ब्लॉट या प्रतिपिंडाने प्रथिन शोधणाऱ्या चाचणीतला पट्टा फिका होत नाहीसाही होतो. इथेच घाई होते. तोच नमुना प्रयोगप्राण्यांना टोचल्यावर त्यांना रोग झालेला आहे! प्रतिपिंड ज्या तुकड्याला चिकटतं तो पचला म्हणजे संसर्गक्षमता संपली असं नव्हे. शिवाय ब्लॉटला न दिसणारी मात्राही रोगाला पुरू शकते: बाधित गाईच्या मेंदूचा १ मिलिग्रॅम तोंडावाटे देऊनही वासराला बीएसई झाल्याची नोंद आहे. म्हणून कुठलाही शोधनिबंध हाती घेतलात की आधी बघा, लेखकांनी प्रथिन मोजलंय की संसर्ग. आरटी-क्विक ही चाचणी फार संवेदनशील आहे, पण तीही घडी बिघडवण्याची क्षमता दाखवते, प्रत्यक्ष रोग नव्हे.

दुसरं, जनावराचं वय बघा. दूध पिणाऱ्या वासराचं किंवा कोकराचं दूध अन्ननलिकेच्या खोबणीतून कोटीपोट टाळून थेट चौथ्या पोटात जातं. कोटीपोट तोवर पुरतं वाढलेलंही नसतं. उलट लहान आतड्याच्या शेवटच्या भागातले पेयर पॅचेस, म्हणजे लसिका-ऊतींचे पुंजके, कोवळ्या वयातच भरात असतात आणि पुढे आक्रसतात. मेंढीच्या स्क्रेपीत प्रिऑन या लसिका-ऊतींत साठतात, मग आतड्याच्या मज्जातंतूंतून आणि पोटाला मेंदूशी जोडणाऱ्या वेगस नसेवाटे मेंदूकडे चढतात. गाईच्या बीएसईत लसिका-ऊतींचा सहभाग बराच कमी असतो. मेंढीचं चित्र गाईवर जसंच्या तसं चढवू नका.

कोटीपोटातल्या द्रवावर काम करणार असाल तर ऑक्सिजन न लागू देता, साधारण ३९ अंश सेल्सियसला उबवण्याचं तंत्र निरोगी जनावरांच्या द्रवावर आधी पक्कं करा. हवा लागली की तिथले बरेचसे जिवाणू मरतात आणि तुमचं 'पचन' कोटीपोटातलं राहतच नाही.

आणि एक, सुरक्षिततेचं: फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेली ऊतीसुद्धा संसर्गजन्यच राहते. तिच्यावर फॉर्मिक ॲसिडची प्रक्रिया झाली आहे का, हे विचारल्याशिवाय पातळ काप कापायला बसू नका.