पाणलावा ओळखायला निघण्याआधी

पाणलावा, म्हणजे स्नाइप, हा लांब चोचीचा दलदलीतला पक्षी बहुतेक वेळा पायाजवळून उडतो तेव्हाच कळतो, आणि पाहायला जेमतेम दोन-तीन सेकंद मिळतात. म्हणून काय पाहायचं ते घरूनच पक्कं करून निघावं. आपल्याकडे हिवाळ्यात कॉमन आणि पिनटेल हे दोन्ही स्नाइप येतात. पाठीवरचे पिवळसर पट्टे दोघांनाही असतात, त्यात वेळ घालवू नका. नजर पंखाच्या मागच्या कडेवर हवी. तिथे ठळक पांढरी किनार दिसली तर कॉमन. किनार नसेल, पंखाखाली सगळीकडे गडद आडव्या रेघा असतील आणि पायाची बोटं शेपटीमागे बरीच बाहेर आली असतील तर पिनटेल. कॉमन जास्त नागमोडी उडतो हे खरं, पण एवढ्यावर नोंद करू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. नांदूर मध्यमेश्वर, भिगवण किंवा गावाजवळचं गवताळ तळं, कुठेही चालेल. उजाडताना पोचा आणि सूर्य पाठीशी ठेवा. ८×४२ची दुर्बीण पुरे. गुडघ्यापर्यंतचे गमबूट मात्र हवेतच. भातखाचरात शिरायचं तर शेतकऱ्याला विचारून, आणि बांधावरूनच. कॉमन ओल्या चिखलात चोच खुपसत असतो, तर पिनटेल कोरड्या कडेलाही सापडतो, त्यामुळे दोन्ही जागा बघायच्या. कॅमेऱ्याचा शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान ठेवा, नाहीतर नेमकी ती किनारच पुसट येते.

मुद्दाम उडवत फिरण्यापेक्षा एका जागी अर्धा तास बसणं केव्हाही चांगलं. बसलेल्या पक्ष्याच्या चोचीच्या मुळाशी पाहा: पिनटेलची फिकट भुवई तिथे डोळ्यावरच्या काळ्या पट्टीपेक्षा रुंद असते, कॉमनची अरुंद. पक्षी लहान, आखूड चोचीचा, डोक्याच्या मध्यावर फिकट रेघ नसलेला आणि अंग वरखाली हलवणारा असेल तर तो जॅक स्नाइप. तो अगदी पाय पडेपर्यंत दबून बसतो. डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ आणि उडताना लोंबणारे पाय म्हणजे रंगीत पाणलावा, जो मुळात या कुळातलाच नव्हे. त्यात मादी जास्त रंगीत, अंडी नर उबवतो.

पिनटेल आणि त्याच्यासारखाच दिसणारा स्विन्होज स्नाइप हे शेपटीची बाहेरची पिसं पसरलेली दिसल्याशिवाय खात्रीने वेगळे करता येत नाहीत. तसा फोटो नसेल तर वहीत ‘पिनटेल किंवा स्विन्होज’ एवढंच लिहावं.